पत्रकाची खालची ओळ

मनू,

"आई, लहानपणी तुला कुणाच्या गाण्याची अशी वाट बघायला मिळाली का? की तुमच्या गावात नुसतं देवाचंच असायचं?" असं तू सहज विचारून गेलीस. इंग्लंडातल्या त्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवाला यंदा कोण कोण येणार, हेच तुझ्या डोक्यात घोळत होतं. मला मात्र ते लागलं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

होतं, बाई. चैत्रात ज्वारी घरात येऊन पडली की गावात सप्ताह बसायचा. त्याआधी गंगाखेडहून छापून आणलेलं गुलाबी पत्रक खळ लावून मारुतीच्या पारावर चिकटवायचे. सात रात्रींची सात नावं: ह.भ.प. अमुक महाराज, गाव अमुक, रात्री 9 ते 11. काल्याचं कीर्तन कुणाला दिलंय, यावरून तर पारावर भांडणं व्हायची. बप्पांना आळंदीचाच कीर्तनकार हवा असायचा. जोग महाराजांनी 1917 मध्ये तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं शिकलेल्याची चाल कधी ढळत नाही, असं त्यांचं ठाम मत. नानाकाका म्हणायचे, हसवणारा महाराज आणा, लोक दिवसभर रानात राबून आलेत.

मी सगळ्यात खालची ओळ बघायचे. तिथं बारीक अक्षरात मृदंगाचार्यांचं नाव असे. पैठणकडचे एक जण होते, त्यांचं नाव दिसलं की मला रात्री झोप लागायची नाही. संध्याकाळी हरिपाठ संपला की मी घरून कणकेचा गोळा घेऊन जायचे. ते तो तळहातावर मळत, चिमटीनं पाणी लावत आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापत. एक थाप मारायची, कान द्यायचा, चिमूटभर कणीक काढायची, पुन्हा थाप. मनासारखा घुमला की माझ्याकडे बघून मान हलवायचे. रात्री गजर चढत गेला, टाळकऱ्यांनी पावली धरली, की छातीत ते वाजायचं.

आता देवासाठी बसायचे की त्या हातांसाठी, ते मला अजून सांगता येत नाही. बप्पांना विचारलं असतं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच त्यांना पटलं नसतं.

पण सगळंच गोड करून सांगणार नाही. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही म्हणून रात्रंदिवस पहारे लागायचे, पण आमच्या गावात पोरींच्या गळ्यात ती कधी आली नाही. जनाबाईचं गंगाखेड हाकेच्या अंतरावर, आणि तरीही! मला मृदंग शिकायचाय म्हटलं तर मोठ्या आईनं "पोरीच्या जातीला कशाला" म्हणून विषयच संपवला. तिचा राग नाही येत, पण ते बरोबर नव्हतं.

तुझ्या ग्लास्टनबरीबद्दल मी वाचलं. 1970 साली दुभत्या गाईंच्या शेतावर सुरू झालं, तिकीट एक पौंड आणि शेतावरचं दूध फुकट! 2018 साली रानाला विसावा द्यायचा म्हणून भरवलंच नाही. फोनवर नानाकाकांना सांगितलं तर म्हणाले, "रान पड ठेवलं म्हण की. शहाणी माणसं आहेत." तिकिटं गाणाऱ्यांची यादी यायच्या आधीच संपतात, याचं मात्र त्यांना फार नवल वाटलं.

चैत्रात गावी चल, असं म्हणत नाही. तुझा अभ्यास असतो, आणि तिथलं ऊन तुला सोसत नाही. पत्रक आता व्हॉट्सॲपवर येतं, प्रत्येक महाराजांचा फोटो घालून. आलं की पाठवीन, वाटलं तर बघ. तुझी यादी आली की मला दाखव. वरची मोठी नावं राहू दे. खालच्या बारीक अक्षरात तू कुणाला शोधतेस ते सांग, आणि त्यांचं एक गाणं मला लावून दे. पूर्ण ऐकेन, मध्येच उठणार नाही.

आई