पुनर्निर्माण, पुनर्बांधणी की जीर्णोद्धार?

‘नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचे पुनर्निर्माण केले’ हे वाक्य बरोबर आहे का, असं नाशिकच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे.

व्याकरणाने शब्द निर्दोष आहे, पण वाक्याला हिंदीचा वास येतो. हिंदीत ‘भवन का निर्माण’ होतं. मराठीत ‘निर्माण’ बहुधा क्रियापदाला चिकटून येतो: अडचण निर्माण झाली, संशय निर्माण केला. नाम हवं असलं की आपण ‘निर्मिती’ म्हणतो. वीजनिर्मिती, राज्याची निर्मिती. ‘राष्ट्रनिर्माण’सारखे समास रुळलेत खरे, पण ‘देवळाचं निर्माण’ कोणी बोलत नाही. मग पुनर्निर्मिती? जुन्या नाटकाची होते, देवळाची नाही. देऊळ आपण बांधतो, म्हणून पुनर्बांधणी.

जीर्णोद्धार निराळा. त्यात मूळ वास्तू उभी असते आणि तिचं झिजलेलं, खचलेलं अंग सावरायचं असतं. नाशिकच्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले दगड बदलण्याचं काम झालं, त्याला हा शब्द चपखल बसतो. त्र्यंबकेश्वरी मात्र आधीच्या लहान देवळाच्या जागी पेशवाईत आजचं मोठं दगडी मंदिर उभं राहिलं. तिथे भाविक जीर्णोद्धारच म्हणतात. त्यांच्या लेखी देव तोच, स्थान तेच. त्यांचं म्हणणं मला खोडावंसं वाटत नाही. इतिहास लिहिताना मात्र ‘मंदिर नव्याने बांधलं’ एवढं पुरे. नेमकं आणि अस्सल मराठी!

जुन्या नाशकात वाडा पाडून त्या जागी फ्लॅट उभे राहतात, त्याला पुनर्बांधणी म्हणू नये असं मला कळकळीने वाटतं. तो वाडा काही परत येत नाही. तिथे ‘पुनर्विकास’ हाच शब्द वापरावा.

आता लेखनाबद्दल. ‘पुननिर्माण’ चूक, रफार दोन्हीकडे हवा. मूळ शब्द ‘पुनर्’. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की र् टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे क, प, स आले की र् चा विसर्ग होतो, म्हणून ‘पुनःप्रसारण’. ‘पुनर्प्रसारण’ सर्रास दिसतं, पण नियमाला धरून नाही. ‘पुनर्रचना’ची गोष्ट वेगळी. संस्कृत संधीने तिथे एक र् गळून आधीचा स्वर दीर्घ व्हायला हवा, जसं निः + रस = नीरस. पण ‘पुनारचना’ मराठीने कधी घेतलाच नाही, तेव्हा ‘पुनर्रचना’ बिनदिक्कत लिहावं.