४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही. २चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ही संख्या. याच साच्यातल्या (२चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात अधिक १) आधीच्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, मूळच आहेत. म्हणून फर्मा या गणितज्ञाला हीही मूळच वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

एवढ्या मोठ्या संख्येला भागून बघायचं तरी कुठपर्यंत? पण हिच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ने भागलं की बाकी १च उरते. मग १९३, २५७, ४४९, ५७७ एवढेच तपासायचे, पाचवा ६४१! कागदावर स्वतः भागून बघाच, बाकी शून्य येताना फार आनंद होतो. ६७००४१७ मात्र मूळ आहे, ती पुढे फुटत नाही.