वॉलमार्टवर टीका का होते? दर सोडा, तास बघा

तुमचे दोन प्रश्न: वॉलमार्ट ही अमेरिकेची दुकानसाखळी कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवत नाही, मग एवढी ओरड कशाला? आणि पगार-बढतीत भेदभाव होतो म्हणून तिथल्या महिला कामगारांनी केलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीला निर्दोष ठरवलं ना?

दुसऱ्याचं आधी सांगतो, ते लवकर आटपेल. २०११ च्या त्या निकालात भेदभाव झाला की नाही, हे ठरलंच नाही. सुमारे १५ लाख महिलांना मिळून एक सामूहिक दावा लावता येईल का, एवढाच प्रश्न होता. उत्तर नाही असं आलं, तेही मुख्य मुद्द्यावर पाच विरुद्ध चार. याला क्लीन चिट म्हणणारे बरेच भेटतात. निकाल वाचलेला एकही भेटला नाही.

आता ओरडीचं. बहुतेक जण तासाचा दर बघतात आणि तिथेच फसतात. २०१५ मध्ये कंपनीने सुरुवातीचा दर ९ डॉलर केला, तेव्हा संघराज्याचं किमान वेतन ७.२५ डॉलर होतं. म्हणजे दर कायद्याच्या वरच. पण पगार म्हणजे दर गुणिले तास. तास किती द्यायचे आणि त्यातले किती मोजायचे, हे दुकानाच्या मॅनेजरच्या हातात. त्याचीही गोची असते: पगाराचा खर्च विक्रीच्या प्रमाणात वरूनच बांधून दिलेला, आणि आठवड्याला ४० तासांवर गेलं की कायद्याने दीडपट पैसे, म्हणून ओव्हरटाइम नको. माल मात्र फळीवर लागलाच पाहिजे. मग, कामगारांच्या दाव्यांनुसार, तोंडी सांगितलं जायचं, 'पंच आउट कर (म्हणजे हजेरीच्या यंत्रात काम संपल्याची नोंद कर) आणि तेवढं आवरून जा.'

हे नुसतं कामगारांचं रडगाणं म्हणावं, तर कंपनीचेच कागद आड येतात. २००० साली तिने १२८ दुकानांच्या एका आठवड्याच्या हजेरीचं अंतर्गत ऑडिट केलं. कामातली छोटी सुट्टी बुडाल्याच्या ६०,७६७ नोंदी निघाल्या, जेवणाची सुट्टी बुडाल्याच्या १५,७०५. अल्पवयीन मुलं रात्री उशिरा, शाळेच्या वेळेत किंवा जादा तास कामावर, अशा १,३७१. कंपनीचं म्हणणं, लोक सुट्टी घेतात, पंच करायला विसरतात. विसरले असतील काही. इतके? पेनसिल्व्हेनियातल्या अशाच खटल्यात ज्युरीने कामगारांची बाजू उचलली आणि २००६ मध्ये ७.८ कोटी डॉलर द्यायला लावले. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही कंपनी हरली. दरम्यान डिसेंबर २००८ मध्ये देशभरातले असले ६३ दावे तिने तडजोडीने मिटवायचं ठरवलं, रक्कम किमान ३५.२ कोटी, कमाल ६४ कोटी डॉलर. उगाच कुणी एवढे पैसे मोजत नाही.

राहिलं 'नाही पटत तर सोडा नोकरी'. सोडतातच की लोक. पण न सोडता एकत्र आले तर काय होतं, ते कॅनडात दिसलं. क्वेबेक प्रांतातल्या झाँकिएरच्या दुकानात २००४ मध्ये युनियन झाली. पहिला करार व्हायच्या आतच, २००५ मध्ये, दुकान बंद आणि सुमारे १९० जण घरी. कंपनीने धंद्याचं कारण पुढे केलं. ते सिद्ध मात्र झालं नाही, आणि २०१४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कराराआधी असं दुकान बंद करणं क्वेबेकच्या कामगार कायद्याचा भंग होता. तोवर नऊ वर्षं गेली होती. दुकान पुन्हा उघडायचा प्रश्नच नव्हता, उरली फक्त भरपाई.