वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीसाठी जुने ड्राइव्ह युनिट घेताना

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक गाडी 2020 सालची असून कोल्हापूर-पुणे भाड्याच्या फेऱ्यांमुळे तिचे 1,78,000 किलोमीटर झाले आहेत. दोन महिन्यांपासून वेग साठच्या पुढे गेला की पुढून घरघर ऐकू येते. सर्व्हिस सेंटरने संपूर्ण ड्राइव्ह युनिट (मोटर, गिअरबॉक्स आणि बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणारा इन्व्हर्टर) बदलण्यास सांगितले आहे, परंतु नव्याची किंमत मला झेपणारी नाही. जुन्या बाजारात दोन युनिट्स मिळत आहेत आणि ‘त्याच मॉडेलचे आहे, बसेल’ असे दोन्ही विक्रेते सांगतात. काय पाहून घ्यावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : युनिट बसणे आणि युनिट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेता आपल्याला फक्त पहिलीची खात्री देत आहे.

मात्र खरेदीच्या आधी एक खात्री करून घ्यावी. डावीकडे-उजवीकडे वळताना घरघर कमी-जास्त होत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि तो अगदी थोड्या खर्चात दूर होतो. ॲक्सिलरेटर सोडताच आवाजाची जात बदलत असेल तर गिअरच्या दात्यांकडे पाहावे, आणि जोर दिला काय, सोडला काय, आवाज केवळ वेगाबरोबरच चढत असेल, तर मोटरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

आता मॉडेलविषयी. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळी युनिट्स असतात, हे नेक्सॉन ईव्हीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या गाडीत 30.2 किलोवॉट-तासांची बॅटरी आणि 129 पीएस (अश्वशक्ती), 245 न्यूटन-मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मोटर होती. मे 2022 च्या ‘मॅक्स’मध्ये 40.5 किलोवॉट-तास, 143 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर. तर सप्टेंबर 2023 मध्ये मोटरच नव्या पिढीची आली आणि तिचा टॉर्क 215 न्यूटन-मीटर झाला. म्हणून आपल्या मोटरच्या पट्टीवरील पार्ट नंबर, व्होल्टेज आणि कनेक्टरचा आकार यांचे फोटो काढून विक्रेत्याच्या युनिटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. एक अंक जरी वेगळा असला, तरी तो का वेगळा आहे हे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शक्य असेल तेथे मोटर, गिअरबॉक्स आणि इन्व्हर्टर एकाच गाडीतून उतरवलेले घ्यावेत. मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कोणत्या कोनात आहे हे रिझॉल्व्हर नावाचा सेन्सर इन्व्हर्टरला सांगतो, आणि त्या कोनाचा मेळ प्रत्येक मोटरसाठी स्वतंत्रपणे बसवलेला असतो. एकाची मोटर आणि दुसऱ्याचा इन्व्हर्टर जोडल्यास तो मेळ नव्याने बसवावा लागतो. अन्यथा गाडी झटके देते, वीज जास्त खाते किंवा फॉल्ट दाखवून जागची हलतच नाही. इन्व्हर्टर बदलल्यास त्याची गाडीच्या मुख्य कंट्रोलरशी ओळख लावून द्यावी लागते, आणि त्यासाठी कंपनीचे डायग्नोस्टिक यंत्र लागते. हे काम कोण करून देणार, हे खरेदीच्या आधीच ठरवून घ्यावे.

कोल्हापूरकरांनी एक गोष्ट विशेष काळजीने पाहावी, ती म्हणजे महापूर. जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुरात अनेक गाड्या बुडाल्या, आणि बुडालेल्या गाडीचे युनिट धुऊन-पुसून ‘अपघाती गाडीचे’ म्हणून विकायला फारसे कष्ट पडत नाहीत. असे एक चकचकीत युनिट मी स्वतः तपासले आहे. कनेक्टरचे रबर मागे सारताच आत राखाडी गाळाची बारीक रेघ आणि तांब्याच्या पिनांवर हिरवट थर दिसला. ड्रेन बोल्ट सैल केला तेव्हा गिअर ऑइल दुधाळ चहासारखे बाहेर आले. तापलेले युनिट थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, पाणी आत ओढले जाते, त्यामुळे बाहेरून पुसून काहीही साधत नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या मलमासारखा लेप असल्यास चालेल. लोखंडाच्या चकत्या किंवा कण असल्यास युनिट तेथेच सोडून यावे.

हाताने करता येण्याजोगी एक परीक्षा फार उपयोगाची आहे. इन्व्हर्टरच्या तारा सोडवून, एका बाजूचा शाफ्ट कोणाकडून तरी घट्ट धरवून दुसरी बाजू फिरवावी; न धरल्यास डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) मोटर फिरणारच नाही. तिन्ही फेज (मोटरला वीज नेणाऱ्या तीन तारा) मोकळ्या असताना शाफ्ट सहज, अडखळल्याशिवाय फिरला पाहिजे. त्यानंतर दोन-दोन फेज आळीपाळीने जोडून फिरवावे. प्रत्येक जोडीला सारखाच जडपणा जाणवला, तर वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेटोळे) आणि चुंबक ठीक असण्याची शक्यता मोठी असते. याखेरीज इन्व्हर्टर वेगळा करूनच 500 व्होल्टच्या मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन मोजावे, कारण तो जोडलेला राहिला तर त्यातील सेमीकंडक्टर जळतात. व्होल्टमागे 500 ओहम ही सुरक्षेची किमान मर्यादा धरली, तर 320 व्होल्टच्या गाडीला 1,60,000 ओहम होतात. पण कोरडी, निरोगी मोटर कित्येक मेगाओहम दाखवते, म्हणून मर्यादेच्या आसपासचे युनिट मी घेणार नाही.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या चांगल्या कारागिराकडून केवळ मोटरचे बेअरिंग बदलून घेता येईल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : येईल, आणि बेअरिंगचाच दोष निश्चित झाला असेल तर माझे मत त्याच बाजूचे आहे. हात आणि लेथ दोन्ही आपल्याकडे उत्तम आहेत. अडचण आहे ती रोटरमधील चुंबकांची. दोन्ही टोकांना आधार देणारी जिग न लावता रोटर उपसला, तर तो स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या स्थिर भागावर, आदळतो, वाइंडिंग सोलवटते आणि मध्ये सापडलेले बोट चिरडते. शिवाय लेथचा चुरा जेथे उडतो तेथे रोटर उघडा ठेवता कामा नये, कारण चिकटलेला कण न् कण हवेच्या अरुंद फटीत घासत राहतो. मूळ बेअरिंग इन्सुलेटेड असेल तर नवेही तसेच घालावे. इन्व्हर्टरमुळे शाफ्टमधून वाहणारा सूक्ष्म प्रवाह साध्या बेअरिंगच्या रेसवर (कड्यावर) आडव्या रेघा पाडतो आणि तीच घरघर पुन्हा सुरू होते. युनिट गाडीवरून उतरवण्यापूर्वी हाय-व्होल्टेज सर्व्हिस प्लग काढून कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे होईपर्यंत थांबावे आणि व्होल्टेज मीटरने पाहिल्याशिवाय नारिंगी केबलला हात लावू नये.

प्रश्न : जुने युनिट बसवल्यावर आरटीओची काही अडचण येते का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इलेक्ट्रिक गाडीच्या नोंदणीत इंजिन नंबरच्या जागी मोटरचा नंबर असतो, त्यामुळे मोटर बदलली की आरसीवरील नंबर जुळत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 वाहनातील बदलांविषयी आहे. म्हणून युनिट बसवण्यापूर्वीच आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे, त्यावर मोटरचा नंबर आणि मूळ गाडीचा चॅसिस नंबर लिहून घ्यावा. चॅसिस नंबर देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून युनिट घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.