वाचकांचे प्रश्न : काड्या फुल्ल, तरी फोन का अडतो?

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. भिंती दगड-मातीच्या, दोन फुटी. सोप्यात रेंज येते, माजघरात गेलं की बोलणं तुटतं. पावसाळ्यात तर फारच. बाजारात मिळणारा बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) बसवावा का?

उत्तर : बूस्टर नको. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. हलक्या प्रतीचा बूस्टर टॉवरकडे नुसता गोंगाट फेकतो, मग गल्लीतल्या सगळ्यांचेच फोन अडखळतात.

आधी मोजून घ्या. काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजायचं माप) दिसतो. तो उणे असतो. फोरजीवर उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे ११० ला अडखळायला लागतं, उणे १२० ला फोन जवळजवळ लागतच नाही. दर १० ला शक्ती दहापट बदलते. म्हणजे सोप्यात उणे ९० आणि माजघरात उणे ११० दिसलं, तर शंभरातले नव्व्याण्णव भाग वाटेतच गेले. भिंत ओली झाली की आणखी जास्त जातात, कारण पाणी या लहरी शोषतं. अशा खोलीत टॉवर गाठायला फोन २०० मिलिवॅटपर्यंत पूर्ण जोर लावतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

उपाय वायफाय कॉलिंगचा. घरात ब्रॉडबँड असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. फोन आणि सिम कंपनी दोघांचीही सोय हवी. मग कॉल टॉवरऐवजी राऊटरमार्गे जातो. पण त्याच भिंती वायफायलाही अडवतात, आणि वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त. म्हणून माजघरात दुसरा राऊटर हवाच. बिनतारी एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) घेऊ नका. साधा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. चौकटीच्या कडेने पहिल्या राऊटरपासून तांब्याची कॅट-६ नेटवर्क केबल ओढा (१०० मीटरपर्यंत चालते). अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल टाळा.

दुसऱ्या राऊटरमध्ये डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा. त्याचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला पण वेगळा ठेवा : पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसरा १९२.१६८.१.२, मात्र हा पत्ता दुसऱ्या कुठल्या उपकरणाला गेलेला नसावा. केबल लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) खाचेत लावा, वॅनच्या (बाहेरून इंटरनेट येतं त्या) नाही. बहुतेकांची चूक इथेच होते : डीएचसीपी चालूच राहतो, दोन्ही राऊटर पत्ते वाटत बसतात आणि फोन ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ म्हणतो. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, २.४ चे चॅनेल मात्र वेगळे. १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत. लाईट गेली की हे सगळंच बंद पडेल. तेव्हा राऊटरला छोटा यूपीएस लावा, अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघूनच. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल.

प्रश्न : चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर आमचं गुलाल-नारळाचं दुकान असतं. काड्या पूर्ण असतात, तरी क्यूआरवरचे पैसे आले की नाही तेच कळत नाही.

उत्तर : काड्या टॉवरचा आवाज किती मोठा आहे ते सांगतात, तुमच्या वाट्याला किती येईल ते नाही. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यावर साध्या दोन अँटेनांच्या फोनला उतरता वेग कागदोपत्री सुमारे १५० एमबीपीएस. त्यावर दीड हजार फोन एकदम तुटून पडले तर प्रत्येकाला जेमतेम ०.१. चढती वाट आणखी अरुंद, आणि पालखी-सासनकाठ्यांचे व्हिडिओ तिथूनच जातात. यूपीआयला डेटा थोडाच लागतो, पण ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की व्यवहार लटकतो.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. साउंडबॉक्सचं सिम एका कंपनीचं असेल तर फोनचं दुसऱ्या. फाइव्हजी चालेना तर फोरजीवर टाकून बघा, किंवा उलट. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आदल्या रात्रीच बंद करा. एअरप्लेन मोड सारखा चालू-बंद करू नका, दर वेळी फोन नव्याने रांगेत उभा राहतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘पेंडिंग’ दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावू नका, आधी दोघांनी आपापली हिस्टरी बघा.

प्रश्न : ब्लूटूथचे इअरबड्स घरात नीट चालतात, रंकाळ्यावर फिरायला गेलं की तुटक वाजतात. मोकळ्यावर तर जास्त चांगले चालायला हवेत ना?

उत्तर : इथे मोकळं मैदानच आड येतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं शरीर, म्हणजे मुख्यतः पाणी, त्या लहरी गिळतं. घरात भिंती-छतावर आपटून त्या वळसा घालून कानापर्यंत पोचतात. तलावाकाठी आपटायला काही नसतं. फोन मागच्या खिशातून काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. एकच बाजू तुटत असेल तर त्याच बाजूच्या खिशात.