माझा मुलगा हरतो, म्हणजे तो कमी हुशार आहे का?

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगा पाचवीत आहे. गणितात कायम नव्वदच्या पुढे, वाचन भरपूर, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचीही तयारी चालू आहे. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा बुद्धिबळाच्या क्लासला जातो. क्लासच्या पत्रकावर 'बुद्ध्यांक वाढवा, गणित सुधारा' असं छापलं होतं, ते वाचूनच त्याला घातलं. सोसायटीच्या गेटजवळ इस्त्रीचं टेबल आहे. त्या इस्त्रीवाल्याचा मुलगाही पाचवीतच, जेमतेम पास होणारा. तो माझ्या मुलाला सतत हरवतो. गणपतीत सोसायटीच्या स्पर्धेत तर वीस मिनिटांत हरवलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "याची मूळ बुद्धीच कमी आहे, मार्क नुसते पाठांतराचे." मुलाने ते ऐकलं. तेव्हापासून तो पटाला हात लावत नाही. त्याची बुद्ध्यांकाची चाचणी करून घ्यावी का? की क्लासच बंद करावा?
— एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन्ही मुलांचे मार्क आहेत, एकाच्या वडिलांचा धंदा आहे, हरायला किती मिनिटं लागली तेही आहे. एक आकडा मात्र सापडला नाही. तो दुसरा मुलगा दिवसाला किती डाव खेळतो? आधी तेवढं विचारून या. माझा अंदाज असा, की शाळेतून आल्यावर कपड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून वडिलांच्या फोनवर त्याचे आठ-दहा डाव सहज होत असतील. तुमच्या मुलाचे आठवड्याला किती होतात? क्लासमध्ये फार तर तीन, तेही सरांचं शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात.

मला हे सुचतं, कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलेली आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. पेपरातली ती बातमी बघून चरईतल्या आमच्या चाळीत मी पटासाठी हट्ट धरला. पुढे बी.कॉम. झाले, बँकेत कॅशियर म्हणून लागले आणि आंतरबँक स्पर्धांमध्ये खेळायला लागले. एका वर्षी पहिल्याच फेरीत समोर दुसऱ्या एका बँकेतले शिपाई आले. सातवी पास. मला वाटलं, चला, एक गुण खिशात. एकोणीस चालींत मात झाली. मी एकेका चालीला दहा-दहा मिनिटं डोकं धरून बसले होते आणि ते मधूनमधून बाहेर जाऊन चहा पिऊन येत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "ताई, हा डाव मी आधी खेळलोय." पेपरांत छापून येणारे डाव कापून ते वहीत चिकटवायचे आणि रोज रात्री जेवणं झाली की पटावर मांडून बघायचे. अशा अकरा वह्या होत्या त्यांच्याकडे! माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी होती.

तर मुद्दा असा, की बलवान खेळाडू पटावर विचार करतो त्यापेक्षा जास्त ओळखतो. मुलगा पहिलीत असतो तेव्हा 'क-म-ळ' असं एकेक अक्षर लावून वाचतो. आज तुम्ही 'कमळ' वाचता तेव्हा अक्षरं दिसतच नाहीत, शब्द दिसतो. पटाचंही तसंच. कॅसलिंग करून (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून) कोपऱ्यात बसलेला राजा, त्याच्या पुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती आणि राखणीला एक घोडा. नवख्याला या सहा सोंगट्या दिसतात. खेळलेल्या माणसाला तो एकच शब्द दिसतो, आणि कोणत्या घरावर उंट आला की या शब्दाची वाट लागते हेही त्यातच लिहिलेलं असतं.

पाचपाखाडीत मी मुलांना शिकवते. गेल्या मे महिन्यात तिथे एक गंमत केली. मुलाला न्यायला आलेले एक बाबा होते, ऐरोलीत आयटीत मोठ्या हुद्द्यावर, बुद्धिबळ येतं म्हणण्यापुरतं येतं. आणि माझी सातवीतली एक विद्यार्थिनी, जी गणितात दर वेळी गटांगळ्या खाते. खऱ्या डावातली बावीस सोंगट्यांची स्थिती दोघांना पाच सेकंद दाखवली, झाकली आणि आठवून मांडायला सांगितली. मुलीने एकोणीस बरोबर लावल्या, बाबांनी सहा. बाबांनी कौतुकाने मान डोलावली, "काय स्मरणशक्ती आहे!" मग त्याच बावीस सोंगट्या मी पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या. पुन्हा पाच सेकंद. आता मुलीच्या पाच, बाबांच्या चार. मुलगी वैतागली : "काकू, हे असं डावात कधी येतच नाही!"

ही युक्ती माझी नव्हे. आद्रियान द ग्रोट म्हणून एक डच मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये हॉलंडकडून खेळलेले. त्यांनी १९४६ साली प्रबंधात दाखवलं, की उत्तम खेळाडू दुय्यम खेळाडूंपेक्षा काही फार जास्त चाली पुढचं मोजत नाहीत. चांगल्या चालीकडे त्यांची नजर आधीच वळलेली असते. क्षणभर दाखवलेली स्थिती मात्र ते जवळजवळ जशीच्या तशी मांडतात. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी (हो, पहिल्याचं आडनाव खरंच चेस) विस्कटलेल्या पटाचा प्रयोग केला आणि उस्तादाची आघाडी जवळपास गळून पडली. म्हणजे ती सगळीकडे चालणारी दांडगी स्मरणशक्ती नव्हती, या एका खेळाची ओळख होती.

मग बुद्धीचा संबंधच नाही का? आहे, आणि तो नाकारणारेही मला पटत नाहीत. २०१६ साली संशोधकांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. नवं कोडं सोडवण्याची बुद्धी आणि बुद्धिबळातलं कौशल्य यांचा सहसंबंध ०.२४च्या आसपास निघाला. शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पक्कं नातं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर (०.२४चा वर्ग केला की) खेळाडूंमधल्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के रक्कम त्या बुद्धीच्या खात्यावर जमा होते. हे नातं लहान मुलांत जास्त दिसतं, मुरलेल्या खेळाडूंत कमी. साहजिक आहे. पहिले सहा महिने चुणचुणीत पोर भराभर शिकतं. पुढे ज्याने जास्त डाव पाहिले तो पुढे जातो.

२००७चा आणखी एक अभ्यास तुम्ही यजमानांना जरूर सांगा. बुद्धिबळ खेळणारी ५७ मुलं तपासली होती. सगळ्यांत जास्त फरक सरावाने पडत होता. त्यातली सर्वांत तयारीची २३ मुलं वेगळी काढली, तर चक्क उलटं दिसलं : जास्त बुद्ध्यांकाची मुलं थोडी मागे होती, कारण ती सराव कमी करत होती. ही मुलं माझ्या ओळखीची आहेत. चाल चटकन सुचते म्हणून 'घरचा अभ्यास' कधी करत नाहीत. तुमच्या मुलाचं असं आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही बघा.

सगळं श्रेय सरावालाही देऊ नका, नाहीतर उद्या त्याला चार तास बसवाल. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या अभ्यासात मास्टरच्या पातळीला पोचायला एकाला सुमारे ३,००० तास पुरले, दुसऱ्याला २३,०००च्या वर लागले. शिकवणारा कसा आहे, आवड किती, किती लहानपणी सुरुवात झाली, आणि अंगात काय घेऊन आलो, हे सगळं त्यात आलं.

पत्रकाबद्दल. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेऊन मोठी चाचणी झाली. त्यातल्या निम्म्या शाळांत तिथल्या 'इयर फाइव्ह'च्या वर्गाला, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, तीस तास बुद्धिबळ शिकवलं. वर्षभराने गणित तपासलं, तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या शाळांत फरक नव्हता. २०१६ साली तो अहवाल आला. गणित सुधारायचं असेल तर गणित करावं. बुद्धिबळ हे बुद्धिबळासाठी शिकावं, ते पुरेसं सुंदर आहे.

खरा घोळ आपल्या नावाने केलाय. चतुरंग म्हणायचे तेव्हा त्यात सेना होती. आपण बुद्धिबळ म्हणतो आणि हरणाऱ्याची बुद्धी काढतो. कबड्डीला मांडीबळ म्हटलं असतं तर बाद होणाऱ्याच्या मांड्या मोजल्या असत्या!

चाचणी करू नका. निदान या कारणासाठी नको. एकशेवीस आला काय आणि नव्वद आला काय, तो आकडा आयुष्यभर घरात फिरत राहील. मुलाने जे ऐकलंय ते मात्र वडिलांनीच मागे घ्यायला हवं, तुम्ही नव्हे. आणि त्याची इच्छा असली तर त्या दोघांना रविवारी तुमच्या घरी बसवा. पोहे करा. डाव झाला की तोच डाव पहिल्यापासून पुन्हा मांडायला लावा आणि पाहुण्याला विचारू द्या, 'इथे तुला काय दिसलं होतं?' त्याला जे दिसतं ते क्लासच्या फीमध्ये मिळत नाही. क्लास चालू ठेवायचा की नाही हे महिनाभराने मुलालाच विचारा. तो नको म्हणाला तर नको. आणि हो, त्या मुलालाही नाव असेल. पुढच्या पत्रात मला ते कळवा.

प्रश्न : ग्रँडमास्टर लोकांचा बुद्ध्यांक १८०-१९० असतो, असं नातवाने फोनवर दाखवलं. खरं का?
— एक आजोबा, वाशी

उत्तर : आजोबा, फोनवर आलेल्या आकड्याला बाप नसतो. बुद्धिबळाचा जगज्जेता असताना गॅरी कास्पारोवची चाचणी 'देर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने १९८७ मध्ये करवून घेतली होती. बुद्ध्यांक १३५ आला. सरासरी १०० धरली तर १३५ किंवा जास्त असलेला माणूस शंभरात एखादा निघतो. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा, अर्ध्या तासात असे कितीतरी लोक तुम्हाला धक्का मारून जातील. त्यांतला एकही कास्पारोव नसेल. नातवाला एवढं सांगा आणि त्याच्याशी एक डाव मांडा.

प्रश्न : मी नववीत आहे. माझं पाठांतर फार वाईट आहे. बुद्धिबळ जमेल का?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : जमेल. वर लिहिलेली माझी सातवीतली मुलगी बघ, कविता तिलाही पाठ होत नाहीत. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली घोकू नकोस, शेवटाकडून सुरुवात कर. (ई म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून पाचवी उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने कितवी आडवी ओळ.) पांढरा राजा ई६ वर, पांढरं प्यादं ई५ वर, काळा राजा ई८ वर ठेव. चाल कोणाचीही असो, पांढरा नीट खेळला तर प्याद्याचा वजीर करून जिंकतो. आता प्यादं पुढे ई६ वर आणि राजा त्याच्या मागे ई५ वर ठेव. सोंगट्या त्याच, काळा राजाही तिथेच. काळा नीट खेळला तर बरोबरी. मैत्रिणीला समोर बसव आणि दोन्ही स्थिती दहा-दहा वेळा खेळा, बाजू बदलून. अकराव्या वेळी राजा प्याद्याच्या पुढे न्यायचा की मागे, हे तुला आठवावं लागणार नाही.