आधी माप, मग रंग : जुन्या पोलादी रेसिंग सायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या रेसिंग सायकली दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेकांनी रंगाविषयी विचारले आहे आणि मापांविषयी फारच थोड्यांनी, म्हणून उत्तरांचा भर मुद्दाम मापांवर ठेवला आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी डर्बी येथे राहतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात मला १९७० च्या दशकातील रॅले रेसिंग सायकल स्वस्तात मिळाली. फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ असे लेबल आहे. मात्र रंग उडालेला असून चेन पूर्ण गंजली आहे. तिच्यावर खर्च करावा का? पुढे ती पुण्याला आणण्याचा विचार आहे. — वाचक, डर्बी (इंग्लंड)

उत्तर : रंग आणि चेन यांच्याकडे तूर्त पाहूही नका. चेन बदलता येते आणि रंग पुन्हा देता येतो. वाकलेली फ्रेम मात्र सरळ करणे प्रत्येक वेळी शक्य नसते आणि परवडतही नाही. सायकल उलटी करून हँडलच्या नळीखाली, जिथे खालची तिरकी नळी लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाहीत) शिरते तिथे, भरपूर उजेडात बोट फिरवून पाहा. समोरून जोराची धडक बसलेली असेल, तर त्या जागी नळीच्या खालच्या अंगाला बारीक फुगवटा आणि रंगाला आडव्या सुरकुत्या आढळतात. त्यानंतर मागचे चाक काढा, एका बाजूच्या खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या खाचेला ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. तीन-चार मिलिमीटर असेल तर जाणकाराला दाखवावे.

लेबलाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले ५३१ हे पोलाद १९३५ मध्ये बाजारात आणले. नळीची भिंत टोकांशी जाड आणि मध्ये पातळ ठेवण्याचे कंपनीचे पेटंट त्याहूनही जुने, १८९७ चे आहे. जोडणीच्या वेळी टोके तापतात आणि ताणही तिथेच येतो, म्हणून धातू तिथे राखायचा आणि मधल्या भागात वजन वाचवायचे, असा हा हिशेब होता. तथापि ५३१ चे लेबल असलेली प्रत्येक फ्रेम सारखी नसते. काही फ्रेमच्या तीन मुख्य नळ्याच ५३१ च्या असत, काहींत त्याच पोलादाची पण सर्वत्र एकाच जाडीची नळी वापरली जाई, तर उत्तम फ्रेममध्ये पुढचे चाक धरणारा चिमटा आणि मागच्या बारीक नळ्याही त्याच असत. लेबलावरील बारीक अक्षरे वाचा. ती पुसली असतील तर सीट पिलरचा व्यास व्हर्निअरने मोजा. २७.२ मिलिमीटर भरला, तर नळ्या बहुधा वरच्या प्रतीच्या आहेत असे समजावे. २६ च्या आसपास आला, तर सायकल वाईट ठरत नाही, पण दर तसा लावावा.

आता पुण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगतो. रॅलेच्या नॉटिंगहॅम कारखान्यात बॉटम ब्रॅकेट (पायडलचा एक्सल जिथे फिरतो तो भाग) आणि हँडल यांच्या, छर्रे धरणाऱ्या कपांना कंपनीचे स्वतःचे, इंचाला २६ आटे असत. इतर इंग्लिश सायकलींना २४ असत. रॅलेने ताब्यात घेतलेल्या कार्लटन या कारखान्यात, वर्कसॉप येथे तयार झालेल्या चांगल्या फ्रेमना मात्र साधारणपणे २४ आट्यांचेच कप बसतात. आपली फ्रेम नॉटिंगहॅमची निघाली, तर तिचे जुने कप आणि एक्सल जिवापाड जपा, कारण आज मिळणारे तयार कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग यांचा बंद संच) त्यात बसणार नाही आणि जबरदस्तीने बसवले तर आटे कापले जातील. पाव इंची छर्रे कुठेही मिळतात, एका बाजूला अकरा लागतात. कप मात्र इंग्लंडमध्येच शोधावे लागतील. चाके २७ इंची असतील, तर टायरच्या दोन जोड्याही तिकडूनच आणा. त्या रिमचा व्यास ६३० मिलिमीटर असतो, आजच्या ७०० सी रिमचा ६२२, आणि एकाचा टायर दुसरीवर चढत नाही. हे सारे जमणार असेल तर खर्च अवश्य करावा.

प्रश्न : थोरल्या बंधूंनी फ्रान्सहून आणलेली प्यूजो रेसिंग सायकल बरीच वर्षे ठाण्याच्या घरी बाल्कनीत उभी होती. सीट पिलर जाम झाला असून मेकॅनिक हातोडा वापरू म्हणतो. बॉटम ब्रॅकेटही सुटत नाही. काय करावे? — वाचक, ठाणे

उत्तर : हातोडा बाजूला ठेवायला सांगा, आणि बॉटम ब्रॅकेटला तर त्यांना हातच लावू देऊ नका, कारण पुढे येईलच.

ॲल्युमिनियमचा पिलर पोलादी नळीत असतो. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते, आणि त्यातून तयार होणारी पांढरी पूड मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने पिलर आतल्या आत आवळला जातो. ठोकल्याने ही पूड आणखी दाबली जाते. सीटची पकड सैल करून तिचा बोल्ट काढून टाका. सांध्यात पातळ, झिरपणारे तेल वरून सोडा. शिवाय बॉटम ब्रॅकेट उघडल्यावर सायकल उलटी धरून नळीच्या आतूनही सोडा आणि काही दिवस धीर धरा. त्यानंतर पिलरला बर्फाने खूप गार करा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावते, त्यामुळे पकड क्षणभर ढिली होते. पिलरचे डोके भिंतीला पक्क्या केलेल्या व्हाइसमध्ये आवळून दोघांनी फ्रेम दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवावी. पहिल्यांदा ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो, तेव्हा थांबून पुन्हा तेल सोडावे आणि उलट दिशेने फिरवावे. हेही फसले तर पिलर वरून कापून, हॅकसॉच्या पात्याने आतून उभी चीर पाडून तो आत दुमडून काढता येतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो हे खरे. पण त्यातून हायड्रोजन वायू निघतो, कातडी भाजते आणि रंगही जातो. राहत्या घरात हा उद्योग मुळीच करू नये.

आता बॉटम ब्रॅकेट. इंग्लिश पद्धतीच्या सायकलींत उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो, आणि आपल्याकडील मेकॅनिकच्या हाताला हीच सवय असते. जुन्या फ्रेंच सायकलींत दोन्ही कप ३५ मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर अंतराच्या सरळ आट्यांचे असतात, त्यामुळे सवयीने पाना फिरवणारा माणूस उजवा कप सोडवण्याऐवजी जीव खाऊन आवळत राहतो. गुंता इथेच संपत नाही : प्यूजोच्या काही फ्रेमना त्याच मापाचे, पण उजवीकडे उलटे असणारे स्विस आटे आहेत. डावा कप दोन्ही प्रकारांत सारखाच असतो. तो आणि एक्सल काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहा. उजव्या कपाच्या मागे मोकळे आटे दिसत असतील, तर त्यांच्या उतारावरून दिशा कळते. कळली नाही तरी बिघडत नाही. कपाचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो जागेवरच ठेवून रॉकेलने पुसा आणि नवे ग्रीस व छर्रे भरून बंद करा.

हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून नळीत शिरणारा दांडा, या सायकलींत २२.० मिलिमीटरचा असतो आणि बाजारात मिळणारा २२.२ चा. तेवढा फरक पॉलिश पेपरने कमी करता येतो, पण ठोकून बसवू नये. मूळ स्टेमवर एव्हीए हे नाव असेल तर तो वापरूच नका. त्यातले काही प्रकार खालच्या खाचेपाशी तडकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. सिम्प्लेक्सचा प्लॅस्टिक अंगाचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) असल्यास तोही कपाटात ठेवण्यापुरताच समजावा.

प्रश्न : वडिलांची जुनी हर्क्युलिस आहे, काळी, रॉड ब्रेकची. तिला वाकडे रेसिंग हँडल आणि गिअर लावता येतील का? — वाचक, सोलापूर

उत्तर : लावता येतील, पण लावू नयेत. त्या फ्रेमचे कोन आडवे असतात, मनुष्य ताठ बसावा आणि मागे पोते लादता यावे यासाठी ते तसे ठेवलेले असतात. वाकडे हँडल लावल्यास बसण्याचा तोल बिघडतो. रिम ६३५ मिलिमीटरची आणि रॉड ब्रेकच्या आकाराची असल्याने नेहमीचे रेसिंग ब्रेक तिला धरत नाहीत. चेन्नईजवळ अंबत्तूर येथे ही सायकल तयार करणारी टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने उभी राहिली, आणि रेनॉल्ड्सही त्याच समूहात होती. तेव्हा आपली हर्क्युलिस रेसिंगवाल्यांची दूरची नातलग आहेच. कॉटर पिन, छर्रे आणि ब्रेकचे रबर नवे घाला, चाकांचा आऊट काढून घ्या आणि आहे तशीच चालवा.

प्रश्न : जुन्या फ्रेमला पावडर कोटिंग करून घ्यावे की मूळ रंग ठेवावा? गंज कसा काढावा? — वाचक, पुणे

उत्तर : मूळ रंगाचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत असेल तर तो ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पावडर कोटिंग टिकाऊ असते आणि भट्टीच्या सुमारे दोनशे अंश तापमानाने ब्रेझिंगच्या (पितळेसारखा धातू वितळवून केलेल्या) जोडांना काही होत नाही. परंतु त्याचा थर जाड बसतो, हाताने कानस मारून धारदार केलेल्या लगच्या कडा बुजतात आणि सायकल खेळण्यासारखी दिसू लागते. त्याहून मोठा धोका रंगापूर्वी होणाऱ्या सँडब्लास्टिंगचा आहे. चांगल्या नळीची भिंत मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि लोखंडी गेट साफ करणाऱ्या कारागिराला त्याची कल्पना नसते. रंग द्यायचाच असेल तर रंग आत जाऊ नये म्हणून सर्व आटे झाकून घ्या आणि त्याआधी सगळे सुटे भाग एकदा बसवून, चालवून पाहा. सुंदर रंग लावल्यानंतर फ्रेम वाकडी असल्याचे कळलेले लोक थोडे नाहीत.

गंजासाठी ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून त्यात भाग बुडवावेत. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा. आधी रंगाच्या एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर चाचणी घ्या, नंतर भरपूर पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा आणि पूर्ण वाळवून लगेच आतून-बाहेरून तेल द्या. क्रोमवर केवळ ठिपके असतील, तर ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासणे पुरते.

प्रश्न : माझ्या जुन्या रेसिंग सायकलला पुढे ५२ व ४२ आणि मागे १४ ते २४ दात्यांचे पाच गिअर आहेत. पसरणी घाट चढताना गुडघे दुखतात आणि पावसात उतरताना ब्रेक लागत नाहीत. मूळ रूप न बिघडवता काही करता येईल का? — वाचक, सातारा

उत्तर : गुडघ्यांची तक्रार अगदी रास्त आहे. सर्वांत हलक्या गिअरवर, म्हणजे ४२ आणि २४ वर, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेचार मीटर पुढे जाते. सपाटीवरच्या शर्यतीसाठी ठरवलेले हे माप घाटात कोणाचीही परीक्षा पाहील. मागे २८ दाते आले तर हे अंतर सव्वातीन मीटरपेक्षा खाली येते. सुदैवाने आपल्या बाजारातील स्वस्त गिअरच्या सायकलींना येणारे १४ ते २८ चे स्क्रू-ऑन फ्रीव्हील इंग्लिश आट्यांच्या जुन्या हबवर बसते. मात्र ते सात पाकळ्यांचे, म्हणजे सात गिअरचे, असेल तर मागच्या खाचांमधील अंतर १२६ मिलिमीटर लागते, आणि पाच गिअरच्या सायकलीत ते बहुधा १२० असते. पोलादी फ्रेम दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर थंड अवस्थेतच फाकवता येते. हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे आणि नंतर दोऱ्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. फ्रीव्हील जोडलेले असतानाच चाकाचे स्पोक कापून काढण्याची चूक कोणी करू नये, कारण मोकळ्या हबवरून फ्रीव्हील सोडवायला पकड मिळत नाही.

त्याहून हलका गिअर हवा असेल तर प्रश्न डिरेलर आणि क्रँक या दोहोंचा होतो. कॅम्पाग्नोलोच्या न्युओवो रेकॉर्डसारखा रेसिंग डिरेलर मागे २६ दात्यांच्या पलीकडे नीट चालण्यासाठी बनवलेलाच नव्हता, आणि त्याच्या जोडीच्या क्रँकवर ४१ पेक्षा लहान चेनव्हील बसत नाही. अशा वेळी मी जपानी सनटूरचा लांब बाहूचा जुना डिरेलर शोधायला सांगेन. तिरक्या समांतरभुजाची रचना सनटूरनेच १९६४ मध्ये आणली होती. त्यामुळे डिरेलरचे चाक लहान-मोठ्या सर्व दात्यांच्या जवळ राहते आणि गिअर हलके पडतात. आज जवळजवळ सर्वच कंपन्या हीच रचना वापरतात. मूळ भाग तेल लावून जपून ठेवा, म्हणजे रूप बिघडल्याचा दोष राहणार नाही.

ब्रेकचे कारण बहुधा क्रोमच्या पोलादी रिम आहेत. ओल्या क्रोमवर रबर अक्षरशः घसरते, आणि कितीही महाग रबर लावले तरी पसरणीच्या उतारावर मी त्यावर विसंबणार नाही. ॲल्युमिनियमच्या ७०० सी रिम त्याच हबवर बांधून घ्या. आपली चाके २७ इंची असल्यास ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवावे लागेल; ब्रेकच्या बाहूतील खाचेत तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा. वायर आणि केसिंग नवे घातले तर निम्मा फरक तिथेच जाणवेल.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये राहतो. इटलीतील एरोईका या जुन्या सायकलींच्या फेरीत भाग घ्यायचा आहे. तयारीत मुख्यतः काय पाहावे? — वाचक, म्युनिक (जर्मनी)

उत्तर : टस्कनीतील गायोले इन कियांती येथून १९९७ पासून निघणाऱ्या या फेरीसाठी सायकल १९८७ पूर्वीची असावी लागते, गिअरचे दांडे फ्रेमच्या नळीवर, पायडलला पाय धरणारे पट्टे आणि ब्रेकच्या वायरी हँडलबाहेरून मोकळ्या, अशा अटी असतात. मार्गाचा मोठा भाग पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांचा आहे, म्हणून चिमट्यात मावेल तितका रुंद टायर बसवा. जुन्या पोलादी फ्रेमला तो खडखडाट सहज पेलतो. चाळीस वर्षांच्या ॲल्युमिनियमच्या हँडल आणि स्टेमविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. हँडलवरची पट्टी पूर्ण सोडून स्टेमच्या पकडीच्या दोन्ही कडा आणि ब्रेकच्या पकडीखालची जागा भिंगाने तपासा, क्रँकचे बाहू जिथे मिळतात तो कोपराही पाहा. केसाइतकी रेघ दिसली तरी तो भाग बदलावा. आणि पायातले पट्टे चालत्या सायकलवर सोडवण्याचा सराव आधी म्युनिकच्या एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये करून घ्यावा.